पुस्तक ते मालिका : तीन वर्षं चार महिने

११ जुलै २०२२ ला दुपारी एक मेल आला. मुंबईतल्या एका निर्मितीसंस्थेला मी मुलांसाठी लिहिलेल्या कादंबरीवर हिंदी मालिका करायची होती. त्यांचा प्रश्न एका ओळीचा होता : या पुस्तकाचे टीव्हीचे हक्क कोणाकडे आहेत? मला उत्तर माहीत नव्हतं. मालिका लागली ती नोव्हेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात मी ज्या ज्या कागदापाशी अडले, तो कागद आधी कुणी समजावून दिला असता तर बऱ्याच रात्री नीट झोप लागली असती. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहिते आहे.

आधी पुस्तकाबद्दल थोडं, कारण पुढचे सगळे पेच त्यातूनच निघाले. आम्ही बडोद्याचे मराठी. पणजोबा सयाजीरावांच्या राज्यात नोकरीला म्हणून साताऱ्याकडून आले आणि दांडिया बाजारात राहिले ते राहिलेच. माझी ताई नर्स. २००१ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत तिला नोकरी मिळाली आणि ती, भावजी आणि नऊ वर्षांची भाची लेस्टरला गेली. तिथे शेजारी एक गुजराती बा होत्या, १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांत देश सोडायला लावला तेव्हा युगांडातून आलेल्या. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरातच दिली होती, आमच्या शहरात येऊ नका म्हणून. तरी माणसं तिथेच गेली, आणि तीस वर्षांनी बडोद्याहून आलेल्या एका मराठी मुलीला त्यांच्यातल्याच एका घराने जवळ केलं. ताईच्या पत्रांतून आणि फोनवरच्या गप्पांतून हे माझ्याकडे साठत गेलं आणि त्याची कादंबरी झाली. त्यातले आजोबा नातीला कवळाण्याच्या गोपाळची गोष्ट सांगतात : बारा वर्षांचा, अक्षरओळख नसलेला मुलगा १८७५ मध्ये गाव सोडून बडोद्याला येतो आणि पुढे सयाजीराव होतो. तोही परक्या गावात आलेला पोरच होता, असं आजोबांचं म्हणणं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये आपल्या बडोद्यात ९१ वं साहित्य संमेलन भरलं, त्याच सुमारास पुस्तक आलं. हजार प्रती छापल्या. चार वर्षांनंतरही साठेक प्रती माझ्या पलंगाखाली होत्या.

तर, हक्क कोणाकडे? प्रकाशकाशी केलेला दोन पानी करार कपाटातून काढला. त्यात 'मराठी भाषेत पुस्तकरूपाने प्रकाशित करण्याचे हक्क' एवढंच होतं. म्हणजे बाकी सगळं माझ्याकडेच राहिलं होतं. तुमच्याकडे करार असेल तर आजच हे वाक्य शोधा. तिथे 'सर्व भाषा व सर्व माध्यमे' असे शब्द असतील, तर पहिली बोलणी निर्मात्याशी नाही, प्रकाशकाशी करावी लागतील.

ऑगस्टमध्ये निर्मात्यांच्या वकिलांकडून यादी आली : कॉपीराइटची नोंदणी, प्रकाशकाचं ना-हरकत पत्र, गोष्ट ज्यांच्यावर बेतली आहे त्या माणसांची लेखी संमती, आणि लेखन माझं स्वतःचं असल्याचं प्रतिज्ञापत्र. हे चार कागद जमवायला सात महिने लागले.

कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून आपलाच असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पण नोंदणी हा कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो, आणि निर्मात्यांना तोच हवा असतो. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फॉर्म १४ भरायचा, साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये. लगेच डायरी क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, पुढचा सगळा पत्रव्यवहार त्यावरच चालतो. पुस्तकाच्या दोन प्रती दिल्लीला द्वारकेच्या बौद्धिक संपदा भवनात पाठवल्या. त्यानंतर तीस दिवस थांबायचं असतं, कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्यासाठी, आणि मग छाननी होते. प्रकाशक आणि अर्जदार वेगळे असतील तर प्रकाशकाचं ना-हरकत पत्र अर्जालाच जोडावं लागतं. मी ते जोडलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये त्रुटीचं पत्र आलं, ना-हरकत पत्र मिळवून पाठवलं, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये नोंदणीचा उतारा हातात पडला. प्रतिज्ञापत्र एका सकाळीच झालं. ५० रुपयांचा ई-स्टँप, नोटरीचे १५०.

यादीत नसलेली एक गोष्ट मला नंतर कळली. पुस्तकातल्या चित्रांवर माझा काहीच हक्क नव्हता. चित्रकार मुलगी प्रकाशकाकडे नोकरीला नव्हती. तिने कामापुरते पैसे घेऊन चित्रं दिली होती आणि कागद कुणीच केला नव्हता. अशा वेळी, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्रांची पहिली मालकी कायद्याने पैसे देणाऱ्याची धरली जाऊ शकते. तरी चित्रं तिने काढली होती. निर्मात्यांना मुखपृष्ठावरची रजईत गुंडाळलेली मुलगी शीर्षकगीतात घ्यायची होती. मी त्यांना तिचा नंबर दिला आणि सांगितलं, तिच्याशी वेगळा करार करा, माझ्या पैशातून नको. तसा झाला. तिला मिळालेली रक्कम मला ठाऊक नाही आणि मी विचारलीही नाही, पण श्रेयनामावलीत तिचं नाव स्वतंत्र येतं, याचा मला फार आनंद आहे.

आता संमतीपत्राबद्दल. ताईने लगेच सही केली. भावजी २०१५ मध्येच गेले. उरली भाची. ती आता तिशीची. संमतीपत्राचा इंग्रजी मसुदा वाचून ती फोनवर म्हणाली, "मावशी, मी सही करते, पण मी हे पुस्तक वाचलेलंच नाही." पुस्तक तिला मी पाठवलं होतं, शेल्फवर होतं. अक्षरं जुळवता येतात, पण पान वाचवत नाही, असं ती म्हणाली. तिच्या बालपणावर लिहिलेलं पुस्तक तिला वाचता येत नव्हतं, आणि चार वर्षांत हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मग मी तिला वाचून दाखवायला लागले. सप्टेंबर २०२२, रोज रात्री अकराला, म्हणजे तिकडचे साडेसहा. अकरा रात्री लागल्या. ती मध्ये मध्ये थांबवायची. "हे असं नव्हतं गं." मी लिहिलं होतं की पहिल्या दिवशी विमानतळाबाहेर बर्फ पडत होता. ती म्हणाली, बर्फ कितीतरी नंतर पाहिला. पहिल्या दिवसाचं आठवतं ते एवढंच की दुपारचे चार वाजले होते आणि रात्र झाली होती, आणि तिला वाटलं होतं की आईचं घड्याळ बिघडलं. डिसेंबरात तिकडे चारच्या आधीच सूर्य बुडतो. मी कधी गेलेच नव्हते, मला बर्फच सुचला. दुसरं, बांनी तिला पहिल्यांदा खायला काय दिलं? मी थेपले लिहिले होते. "थेपले नव्हते, मोगो होता." मोगो म्हणजे कसावा, उकडून तळलेला, वर मीठ-तिखट. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती घरांत तो असतोच. मला तो शब्दही माहीत नव्हता.

सातव्या रात्री शाळेच्या फाटकाचा प्रसंग आला. साडीवर स्वेटर घातलेली आई न्यायला येते आणि मुलगी मैत्रिणींसमोर ओळख दाखवत नाही. हे ताईने मला सांगितलं होतं. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग तिने विचारलं, "आईला कळलं होतं?" मी हो म्हणाले. त्या रात्री पुढे वाचलं नाही.

संमतीपत्र तिने दिलं, दोन अटींवर : शाळा ओळखू येता कामा नये आणि वर्गातल्या मुलांची नावं बदलायची. मी तुम्हाला मनापासून सांगते, आपल्या माणसांवर लिहिलं असेल तर सही मागण्याआधी त्यांच्यासमोर वाचा. ते छापण्याआधी केलं असतं तर आणखी बरं झालं असतं.

कराराचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये आला, इंग्रजीत, एकोणीस पानं. आमच्या ओळखीतले वकील जमीन-मालमत्तेचे. कॉपीराइटचं काम करणाऱ्या एक वकीलबाई अहमदाबादला मिळाल्या. त्यांनी १२,००० रुपये घेतले. तेव्हा ते जड वाटले होते.

असे करार बहुधा दोन टप्प्यांत असतात. आधी 'ऑप्शन', म्हणजे ठरावीक मुदतीसाठी पुस्तक त्यांच्याकरता राखून ठेवायचं. त्या मुदतीत त्यांनी पैसे, वाहिनी, पटकथा जमवायची. जमलं तर ते हक्क विकत घेतात, नाही तर पुस्तक मोकळं होतं. माझं ठरलं ते असं : बारा महिन्यांचे ४०,००० रुपये, हवी असल्यास सहा महिन्यांची मुदतवाढ २०,००० रुपयांत, आणि हक्क घेतले तर एकूण तीन लाख, तीन हप्त्यांत. पहिले चाळीस हजार त्या तीन लाखांतून वजा होणार, मुदतवाढीचे वीस नाही. हे 'वजा होणार की नाही' शब्दांत लिहून घ्यायचं असतं.

मसुद्यात हक्क मागितले होते ते जगभरासाठी, कायमचे, आजच्या आणि उद्या निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठी. वकीलबाईंनी कायदा उघडून समोर ठेवला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या बाजूची बरीच कलमं आहेत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभर वापरलेच नाहीत तर ते परत येतात, मात्र करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. आणि इथे सतराव्या पानावर बारीक अक्षरांत ते वेगळं लिहिलेलंच होतं : कलम १९ (४) लागू होणार नाही. बाईंनी ती ओळ काढायला लावली आणि तिथे घातलं की हक्क घेतल्यापासून तीन वर्षांत चित्रीकरण सुरू झालं नाही तर सगळं माझ्याकडे परत. छापील पुस्तक, बोलतं पुस्तक, रंगभूमी आणि आकाशवाणी हे मी स्वतःकडे ठेवलं. प्रत्येक भागात 'मूळ कादंबरी' म्हणून नाव स्वतंत्र पाटीवर, हेही लिहून घेतलं.

एका शब्दावर मात्र मी हरले. पटकथेवर मला 'मान्यते'चा हक्क हवा होता, त्यांनी 'सल्लामसलती'चा दिला. सल्लामसलत म्हणजे ते मला पटकथा दाखवणार, मी सात दिवसांत मत कळवणार, आणि ते ऐकायचं की नाही हे तेच ठरवणार. वाहिन्या लेखकाची मान्यता सहसा स्वीकारत नाहीत, असं वकीलबाई म्हणाल्या. मग त्यांनी कलम ५७ दाखवलं. हक्क विकले तरी कृतीची मोडतोड होऊन लेखकाच्या नावाला बाधा येत असेल, तर त्याविरुद्ध दाद मागता येते. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी'वर चित्रपट निघाला तेव्हा त्या याच कलमाच्या आधारे कोर्टात गेल्या होत्या, आणि हे संरक्षण पडद्यावरच्या रूपालाही लागू होतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये म्हटलं. तीही एका लहान मुलाचीच गोष्ट. कोर्टात जायची माझी ताकदही नव्हती आणि इच्छाही, पण ते कलम आहे हे कळल्यावर पाठीला जरा आधार वाटला.

३ मार्च २०२३ ला सह्या झाल्या. चाळीस हजारांतून १० टक्के टीडीएस कापून ३६,००० जमा झाले.

मग वाट पाहणं. वर्षभर कधी फोन, कधी काहीच नाही. या काळात नोकरी सोडू नका, नातेवाइकांना सांगू नका, एवढंच मी सांगेन. मी चार जणींना सांगितलं आणि प्रत्येक लग्नकार्यात 'कधी लागतेय मालिका?' याला उत्तर देत बसले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्या दोन भागांची पटकथा आली. घर गुजराती झालं होतं. लेस्टर म्हटलं की प्रेक्षकांना गुजरातीच आठवतात, बडोद्याचं मराठी कुटुंब समजावत बसायला वेळ नाही, असं कारण दिलं होतं. विमानतळावर बर्फ होताच. आणि पुस्तकाच्या मध्यावरचं एक वाक्य गेलं होतं. मुलगी दारातल्या पायरीवर बसून म्हणते, "मला इथे गमत नाही." बांना मराठी येत नाही. पण 'गमतुं नथी' त्यांचंच आहे. शब्द तोच आणि त्यातलं दुःखही तेच, म्हणून त्या काही न विचारता तिला आत घेतात. पटकथेत तिथे 'मेरा मन नहीं लगता' होतं. अर्थ बरोबर. पण दोन्ही बाजू गुजराती केल्यावर त्या शब्दाला ओलांडायला काही उरलंच नव्हतं.

मी सात दिवसांत चार पानी मत पाठवलं. कलमांचा उल्लेख एकदाही केला नाही. उलट पटकथाकार मुलीला लिहिलं, दोन दिवस बडोद्याला ये, माझ्याकडेच राहा. ती आली. तिला मी फक्त फिरवलं. सूरसागराच्या काठाने दांडिया बाजारात नेलं. दुकानदार माझ्याशी मराठीत, मागच्या गिऱ्हाइकाशी गुजरातीत आणि तिच्याशी हिंदीत बोलत होता, एकाच दमात. दुपारी सेव-उसळ खाल्ली. उसळ आपली, वरची सेव त्यांची, आणि बडोदेकराला ती कुणाची हा प्रश्न पडत नाही. संध्याकाळी भाचीशी व्हिडिओवर गाठ घालून दिली. चार वाजताच्या काळोखाची आणि घड्याळाची हकिगत भाचीने तिला सांगितली. ती लिहून घेत होती, मध्येच वही मिटून नुसती ऐकत बसली.

दुसऱ्या खर्ड्यात घर मराठी होतं. बाकी घर हिंदी बोलेल, पण आजी मराठीत, बा गुजरातीत, आणि 'गमत नाही' जसंच्या तसं, अशी तडजोड झाली. बर्फ गेला, काळोख आला. निर्मात्यांनाही तो स्वस्त पडला असावा. आजोबांची कवळाण्याची गोष्ट मात्र वेळेअभावी कापली. त्यावर मी दोनदा लिहिलं. नाही म्हणजे नाही.

मार्च २०२४ मध्ये मुदतवाढ झाली, २ सप्टेंबरपर्यंत. ऑगस्ट संपत आला तरी काही कळलं नव्हतं. आणि २६ तारखेला गावातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीचं पाणी चढलं. बडोदेकरांना ते दिवस सांगायला नकोत. आम्ही कारेलीबागेत तळमजल्यावर. पाणी घरात गुडघ्यापर्यंत, वीज नाही, फोन बंद. आम्ही वरच्या मजल्यावरच्यांकडे होतो. पलंगाखालच्या सगळ्या प्रती भिजून फुगल्या. कराराची फाइल माळ्यावर होती, ती बचावली. ३१ तारखेला फोन सुरू झाला तेव्हा २९ चा मेल दिसला : हक्क विकत घेत आहोत. पाण्यात कुरिअर पोचला नसताच. पण 'सूचना ईमेलनेही ग्राह्य' असं करारात होतं, म्हणून मुदतीचा प्रश्न आला नाही. हे कलम तुमच्या करारात आहे ना, ते बघा. पहिला हप्ता १,२०,०००, त्यातून आधीचे ४०,००० वजा, टीडीएस ८,०००, हातात ७२,०००. त्यातले बरेचसे घराच्या लाद्यांत आणि गाद्यांत गेले.

चित्रीकरण जानेवारी २०२५ मध्ये, इथलं अकरा दिवस. लेस्टरचं घर मुंबईत उभारलं होतं. उत्तरायणाला गच्चीवरचा प्रसंग खऱ्या पतंगांत घेतला, उंधियू शेजारच्यांनी दिला. मुलीचं काम करणारी दहा वर्षांची होती, तिच्याबद्दल मला धाकधूक होती. पण याला नियम आहेत आणि ते मी पाळले जाताना पाहिले. मुलांना घेऊन चित्रीकरण करायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांवर नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळा बुडू द्यायची नाही, आणि मानधनातले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत. तुमच्या मुलाला कुणी कामाला बोलावलं तर ही परवानगी दाखवा म्हणा. तिची आई रोज वहीत वेळ लिहायची. पाच तास झाले की ती उठायची, आणि कॅमेरा थांबायचा.

नोव्हेंबरमध्ये आठ भाग लागले. 'गमत नाही' पाचव्या भागात आलं. बा झालेल्या अभिनेत्रीने मोगोची ताटली पुढे केली, तोंडाने काही बोलल्या नाहीत. ताईने फोन केला, तर नुसती रडत होती. शेवटचा हप्ता डिसेंबरात आला. टीडीएसचं प्रमाणपत्र (तेव्हाचा फॉर्म १६ए) मागून घ्या आणि आयकर खात्याकडे आपल्या नावावर दिसणाऱ्या कराच्या नोंदीशी (तेव्हाचा २६एएस) ताळा करा. माझ्या दुसऱ्या हप्त्याचा टीडीएस आधी तिथे दिसतच नव्हता, तीन मेल केल्यावर दिसला.

दुसऱ्या पर्वासाठी पहिली विचारणा करण्याचा हक्क मार्च २०२७ पर्यंत त्यांच्याकडे आहे, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. त्यात बर्फ काढून टाकला, थेप्ल्यांच्या जागी मोगो घातला. कच्ची छपाई भाचीला पाठवली. ती आता स्वतः वाचते, रोज अर्धं पान, आणि अडलेल्या शब्दाचा फोटो मला पाठवते. काल 'ओसरी' आला होता.